ट्रेलर मागे लावून कोकणात उतरायचंय? आधी घाट ठरवा, बीच नंतर

थंडी पडली की पुण्या-कोल्हापूरकडून कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, कॅम्पिंग ट्रेलर घेतलाय, खाली येतोय, कुठला बीच चांगला ते सांग. अहो बीच सगळेच चांगले आहेत. गुहागर घ्या, आंजर्ले घ्या, भोगवे घ्या, कुठेही बसलात तरी समुद्र तोच. विचारायचं असेल तर हे विचारा की कुठल्या घाटाने उतरू आणि खाली आल्यावर हे धूड लावू कुठे. ही दोन उत्तरं पक्की झाली की बाकीची ट्रिप आपोआप आखली जाते, आणि ती नसली तर मग दाभोळच्या एखाद्या बोळात पुढे माड मागे गडगा, म्हणजे दगडी कुंपण, अशी अवस्था होते आणि अख्खी वाडी बघायला जमते.

मी चिपळूणचा, म्हणजे घाटाच्या पायथ्याचा माणूस, त्यामुळे हे सगळं खालच्या बाजूने बघून सांगतोय. वरच्यांना घाट म्हणजे व्ह्यू पॉइंट आणि कणीस. आम्हाला घाट म्हणजे ब्रेक.

घाट कुठला

मुंबईकरांचं बरं आहे, त्यांना सह्याद्री उतरावाच लागत नाही. पनवेलवरून मुंबई-गोवा हायवे, म्हणजे पूर्वीचा एनएच १७ आणि आताचा ६६, धरला की सरळ दक्षिणेला. मधे पोलादपूर-खेडच्यात कशेडी लागायचा, त्याला आता बोगदा झालाय. खेडजवळचा भोस्ते घाट आणि चिपळूणच्या आधीचा परशुराम घाट हे छोटे आहेत पण भोस्तेचं ते एक वळण चांगलंच बदनाम आहे, तिथे उतारावर स्पीड ठेवून शिरायचं नाही, ट्रेलर नसला तरी.

देशावरून येणाऱ्यांना मात्र निवड करावी लागते. माझं मत विचाराल तर ट्रेलरसाठी दोनच घाट डोळे झाकून सांगेन, कुंभार्ली आणि आंबा. कुंभार्ली म्हणजे कराड-पाटण-कोयनानगर करत घाटमाथ्यावरून खाली पोफळी-अलोरे-चिपळूण, गुहागर-विजापूर हायवेचा भाग आहे आणि ट्रकवाल्यांचा रोजचा रस्ता, त्यामुळे वळणं मोठ्या गाडीला पुरतील अशी आहेत. आंबा घाट कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, उतरलं की साखरपा, पुढे रत्नागिरी. सिंधुदुर्गात जायचं असेल तर फोंडा घाट, दाजीपूरवरून कणकवलीकडे, हाही ट्रकचाच. फक्त दाजीपूरच्या बाजूला रात्री गवे रस्त्यावर येतात, त्यामुळे अंधारात तिथून ट्रेलर आणूच नका, गवा हॉर्नने हलत नाही आणि ट्रेलर मागे लावून तुम्हाला पटकन रिव्हर्स घेता येत नाही.

करूळचा रस्ता, गगनबावडा ते वैभववाडी, काँक्रीटचा केलाय, पण निघायच्या आधी चालू आहे ना हे तिथल्या एखाद्या हॉटेलवाल्याला फोन करून विचारा, घाटाची बातमी हॉटेलवाल्याइतकी ताजी कुणाकडे नसते. आंबोली, बेळगावकडून सावंतवाडीला उतरणारा, रस्ता म्हणून ठीक आहे, पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधब्यापाशी दोन्ही बाजूला गाड्या लावलेल्या असतात आणि मधून एक इनोव्हा जेमतेम जाते. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं गाव आहे ते, धुकं आलं की बॉनेटसुद्धा दिसत नाही. ताम्हिणी पुणेकरांचा लाडका, रस्ता चांगला, पण वळणावर समोरून येणारे बाइकवाले तुमच्या लेनमध्ये असतात हे धरूनच चालायचं. सवयीचा ड्रायव्हर असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर चालेल.

वरंधा, आंबेनळी, अणुस्कुरा, भुईबावडा. हे चार ट्रेलरसाठी नाहीत. सुंदर आहेत, नुसत्या गाडीने जरूर जा. पण अरुंद रस्ता, पिळवटून टाकणारी वळणं आणि समोरून एसटी आली तर कुणी मागे घ्यायचं हा प्रश्न, आणि एसटी मागे घेणार नाही. नियमानेही चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, म्हणजे उतरणारे तुम्ही, मागे घेणार तुम्ही, ट्रेलर लावून, दरीच्या कडेने. नकोच.

कधी यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. संपलं. पावसाळ्यात दरडी कोसळतात, जुलै २०२१ मध्ये महाडजवळच्या तळियेत काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल, त्याच पावसात चिपळूण पाण्याखाली होतं. मे महिन्यात चाकरमानी आणि आंब्याच्या गाड्या. गणपतीत आणि शिमग्यात हायवेला जी रांग लागते त्यात ट्रेलर घेऊन उभं राहणं म्हणजे क्लच स्वतःच्या हाताने जाळणं. ऑक्टोबर दिसायला हिरवागार असतो पण उकडतं भयानक, आणि ट्रेलरच्या आत तर भट्टी.

आणि एप्रिल-मे टाळायचं अजून एक कारण म्हणजे पाणी. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो कोकणात, पण खाली जांभा दगड, सगळं पाणी झिरपून समुद्रात, त्यामुळे मेमध्ये कित्येक वाड्यांत टँकर येतो. अशा वेळी तुम्ही जाऊन शंभर लिटरची टाकी भरून मागायची हे बरं दिसत नाही.

वजन, आणि परत वजन

आता कंटाळवाणा पण सगळ्यात महत्त्वाचा भाग. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ती किती वजन ओढू शकते ते लिहिलेलं असतं, आणि तिथे दोन आकडे असतात, ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असेल तर एक आणि नसेल तर दुसरा, तो बराच कमी. आपल्याकडे ७५० किलोपर्यंतच्या बऱ्याच छोट्या ट्रेलरांना ब्रेक नसतोच, सगळा भार गाडीच्या ब्रेकवर. मैदानात ते खपून जातं. घाटात सहाशे-सातशे मीटर उंची तुम्ही दहा-बारा किलोमीटरमध्ये उतरता, ते सगळं धूड तुमच्या गाडीचे चार ब्रेक अडवत असतात. म्हणून घाट उतरायचा असेल तर मी तरी ब्रेकवाल्या ट्रेलरचाच आग्रह धरेन, मग तो ट्रेलरची गाडीला ढकल बसली की आपोआप लागणारा असो नाहीतर इलेक्ट्रिक असो.

विकणारा सांगतो ते रिकामं वजन. त्यात गॅस, गाद्या, बॅटरी, पाणी, मुलांच्या सायकली, बायकोच्या आईने दिलेला फराळ हे काही नसतं. सगळं भरून एखाद्या वजनकाट्यावर न्या, वाळूवाल्यांचा, साखर कारखान्याजवळचा, कुठलाही, थोडेसे पैसे घेतात. आधी गाडी आणि ट्रेलर एकत्र, मग नुसती गाडी. वजाबाकी केली की कळतं आपण काय ओढतोय.

नंतर हुकवर पडणारा भार. हा ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के असावा असं साधारण धरतात, म्हणजे ७०० किलोचा ट्रेलर असेल तर पन्नास ते सत्तर किलो, अर्थात गाडीच्या मॅन्युअलमध्ये हुकसाठी जी मर्यादा दिलीय तिच्या आतच. मोजायला घरातला वजनाचा काटा चालतो, कपलरखाली, म्हणजे हुकच्या बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडाखाली, लाकडाचा एक तुकडा उभा ठेवून तो काट्यावर टेकवायचा, ट्रेलर सपाट उभा पाहिजे. भार कमी आला तर ट्रेलरचं ढुंगण जड आहे, आणि असा ट्रेलर हायवेवर ऐंशीला, शेजारून व्होल्वो गेली की शेपूट हलवायला लागतो. एकदा हलायला लागला की ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट करायचं नाही, सरळ धरून ठेवायचं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, बस, आपोआप शांत होतो. पण तो तसा हलूच नये यासाठी जड सामान ॲक्सलच्या वर, जमिनीलगत, आणि हलकं सामान पुढे-मागे. मागच्या बाजूला स्पेअर व्हील, त्यावर सायकली, वर पाण्याचे कॅन असं सजवलेलं बघतो तेव्हा मला घाम फुटतो.

पाण्याचं सोपं गणित आहे, एक लिटर म्हणजे एक किलो. टाकी घाटाच्या वर भरून आणायची काय गरज? पिण्यापुरतं घ्या, टाकी खाली आल्यावर भरा, साखरप्यात किंवा चिपळुणात. अर्धी भरलेली टाकी तर सगळ्यात वाईट, वळणावर पाणी एका बाजूला धावतं.

कागद आणि जोडणी

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच धरलंय, त्यामुळे त्याला स्वतःचं रजिस्ट्रेशन, स्वतःची नंबर प्लेट, स्वतःचा इन्शुरन्स. गॅरेजमध्ये वेल्डिंग करून घेतलेला बिनकागदाचा ट्रेलर घाटात कुणाला घासला तर इन्शुरन्सवाला दारात उभं करणार नाही. टो हुक चॅसिसला बोल्ट केलेला हवा, बंपरला नाही, हे सांगायची वेळ येते यावरूनच काय ते समजा.

जोडताना घाई करू नका. कपलर बॉलवर बसला, लॉक पडल्याचा आवाज आला, आता जॉकी व्हीलचं, म्हणजे ट्रेलरच्या नाकाखालच्या छोट्या चाकाचं, हँडल फिरवून ट्रेलरचं नाक थोडं वर उचला, त्याच्याबरोबर गाडीचा मागचा भाग वर येत असेल तर खरंच बसलंय, नुसता कपलर वर आला तर बसलेलं नाही, परत करा. सेफ्टी चेन कपलरच्या खालून एकमेकींवरून तिरक्या घालायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर त्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यावर नाक खुपसत नाही. चेन जमिनीला घासेल इतकी ढिली नको आणि वळणावर ताणली जाईल इतकी आखूडही नको. मग वायरचा प्लग, आणि एका माणसाला मागे उभं करून इंडिकेटर, ब्रेक लाइट, टेल लाइट सगळं लावून बघा. खाऱ्या हवेत या प्लगच्या पिना हिरव्या पडतात, त्यामुळे कोकणात असताना हे रोजच बघायचं.

टायरचं पण बघा. ट्रेलर वर्षातले अकरा महिने उभा असतो, त्यामुळे नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर आतून मेलेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षं झाली असतील तर बदला, पैसे वाचवायची ही जागा नाही. आणि स्पेअर हवाच, गाडीचा टायर ट्रेलरला बसत नाही हे खूप जणांना पंक्चर झाल्यावर कळतं.

प्रत्यक्ष उतरताना

वरती, घाट सुरू व्हायच्या आधी थांबा. चहा प्या, सगळ्यांनी लघवीला जाऊन या, कारण मधे थांबायला जागा मिळेलच असं नाही. हुक, चेन, टायर हाताने चाचपून बघा. ट्रेलरच्या खिडक्या, कपाटं, वरचं झाकण बंद. माकडं असतात तिथे, आंब्याला आणि आंबोलीला तर ती गाडीत हात घालतात, खायला काही काढू नका.

गिअर वरतीच खाली घ्या, उतार लागल्यावर नाही. जुना हिशोब सोपा आहे, ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरवायचा, म्हणजे दुसरा, फार तर तिसरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडला घ्या. इंजिन ओरडलं तरी ओरडू दे, ते गाडी अडवतंय. ब्रेक सतत हलका दाबून ठेवायचा नाही, तो तापतो, आणि तापलेला ब्रेक पहिल्यांदा मऊ लागतो आणि मग लागतच नाही. स्पीड वाढला की एकदा नीट दाबून खाली आणा, सोडा, परत वाढला की परत. न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या पुढे गाडी ठेवत नाही.

आता वळण. इथेच सगळ्यांची गडबड होते, त्यामुळे सावकाश सांगतो. ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांमागून जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूने कापत जातात. डावं हेअरपिन असेल, आणि आत डोंगराची गटार असेल, तर गाडी व्यवस्थित गेली तरी ट्रेलरचं डावं चाक गटारात. म्हणून वळणाच्या आधीच जवळजवळ चालायच्या स्पीडवर या, हॉर्न द्या, समोर कुणी नाही हे बघा, आणि गाडीचं नाक नेहमीपेक्षा उशिरा वळवा, रस्त्याच्या बाहेरच्या बाजूने पुढे जाऊ द्या, मग वळवा. डावा आरसा सोडायचा नाही, ट्रेलरचं चाक डांबरावर आहे ना हे त्यात दिसत राहिलं पाहिजे. वळण संपलं असं वाटलं तरी लगेच सरळ करून पळवू नका, मागचं अजून वळणातच आहे. समोरून बस किंवा ट्रक चढत येत असेल तर वळणाच्या वरच, जिथे सरळ भाग आहे तिथे थांबून त्याला जाऊ द्या, वळणात दोघं अडकलात की मग पोलीस येईपर्यंत कुणाचंच काही हलत नाही. आणि ट्रेलर गाडीपेक्षा रुंद असेल तर आरशाला लावायची एक्स्टेन्शन मिळतात ती घ्याच, नाहीतर मागे काय चाललंय ते तुम्हाला गावकरी सांगणार.

मागे गाड्यांची रांग लागली की जागा मिळेल तिथे बाजूला घ्या, दोन मिनिटं जातात, शिव्या वाचतात.

जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा. इंजिन चालू ठेवा, आधी चाकांखाली दगड किंवा लाकडी ठोकळे लावून घ्या, मग गिअरमध्ये इंजिन बंद करा. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक करकचून ओढू नका, डिस्कवर पाणी ओतू नका. अर्धा तास गप्पा मारा. ठोकळे विकतचेच हवेत असं नाही, पण ते गाडीतच असावेत, घाटात गेल्यावर दगड शोधत फिरायचं नाही. आणि निघताना ते उचलून घ्यायचे, रस्त्यावर दगड ठेवून जाणाऱ्यांना काय म्हणायचं ते मी इथे लिहित नाही.

खाली आलात, आता खरी गंमत

घाट उतरला की लोकांना वाटतं जिंकलो. कोकणातला हायवे सोडून तुम्ही किनाऱ्याकडे वळलात की रस्ता एक गाडीचा होतो, दोन्ही बाजूला जांभ्या दगडाचा गडगा, वर आंब्या-फणसाच्या फांद्या, त्याखाली लोंबणाऱ्या वायरी, आणि गावाच्या तोंडाशी ग्रामदेवतेची कमान. हा गडगा ट्रेलरच्या पत्र्याला लागला की किसणीवर नारळ किसल्यासारखा पत्रा सोलून काढतो. ट्रेलरची उंची आणि रुंदी, एसी आणि छत्रीच्या दांड्यासकट, एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवा.

मॅपवर विश्वास ठेवायचा पण किती, तर हायवेपुरता. तो तुम्हाला तीन मिनिटं वाचवायला कुणाच्या तरी वाडीतल्या पाखाडीवरून, म्हणजे पायवाटेवरून, नेईल आणि पुढे पायऱ्या लागतील. ज्या रस्त्याने एसटी जाते त्याच रस्त्याने जायचं, हा एकच नियम पाळला तरी ऐंशी टक्के त्रास वाचतो. कुठेही विचारा, "यष्टी खयसून जाता?", लोक हात करून दाखवतात.

म्हणूनच माझा सल्ला असा की ट्रेलर घेऊन किनारा फिरू नका. एक जागा धरा, ट्रेलर तिथे लावा, सोडवा, आणि चार दिवस नुसत्या गाडीने फिरा. गुहागरला तळ टाकलात तर हेदवी, वेळणेश्वर, गोपाळगड, सगळं गाडीने होतं. रत्नागिरी-गणपतीपुळे पट्ट्यात बसलात तर आरे-वारेचा तो डोंगरावरून समुद्र दिसणारा रस्ता ट्रेलरशिवाय चालवण्यातच मजा आहे. मालवण-तारकर्लीकडे तसंच. रोज जागा बदलायचा हट्ट कराल तर निम्मी सुट्टी जोडण्या-सोडण्यात जाईल.

२०२१ साली राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण म्हणून गावोगाव पाणी-वीज लावलेल्या जागा तयार आहेत असं समजून येऊ नका. एमटीडीसीची, म्हणजे राज्य पर्यटन महामंडळाची, रिसॉर्ट आहेत, गणपतीपुळे, वेळणेश्वर, तारकर्ली, हरिहरेश्वर, तिथे आधी फोन करून ट्रेलर आत घेऊ देतील का विचारा. नाहीतर सरळ घरगुती होमस्टे, ज्यांच्याकडे मोठं खळं किंवा मोकळी जागा आहे. फोनवर फक्त "जागा आहे ना" विचारू नका, कोकणी माणूस हो म्हणतो, त्याच्या मनात मारुती असते. गेट किती फूट रुंद, गेटच्या समोर रस्ता किती रुंद, आत वळवायला जागा आहे का, चढ आहे का, हे विचारा आणि रस्त्यापासून खळ्यापर्यंत चालत काढलेला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर मागवा. जेवण त्यांच्याकडेच सांगा. जागेचं भाडं वेगळं ठरवा, संकोच नको, कारण नंतर दोघांनाही अवघड होतं.

जागा निवडताना वर बघा. माडाखाली ट्रेलर लावायचा नाही, कितीही सावली असो आणि फोटो कितीही भारी येवो. नारळ तर पडतोच, सुकलेली झावळी पडली तरी छताला भोक. आंब्याच्या बागेत मोहोराच्या दिवसांत फवारणी चालू असते, तिथे मुलांना घेऊन झोपू नका.

पुळणीवर, म्हणजे वाळूत, गाडी घालायची नाही. ट्रेलर तर नाहीच नाही. वाळू रुतवते आणि भरती कुणाची वाट बघत नाही, दरवर्षी कुणाची ना कुणाची गाडी लाटांत उभी असल्याचा व्हिडिओ येतो तो कमी पडतो की काय. शिवाय वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, हेडलाइटने पिल्लांची दिशा चुकते. सुरूच्या बनाच्या मागे, गावच्या बाजूला राहा.

फेरीबोट

सागरी रस्त्याने जायचं तर खाड्या येतात आणि खाड्यांवर फेरी. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. ट्रेलरवाल्यांना अडचण येते ती जेटीच्या उताराची. गाडी उतारावरून बोटीच्या फळीवर चढते तेव्हा मधे खाच तयार होते, तिथे हुक किंवा ट्रेलरचा मागचा भाग घासतो. आणि ओहोटीला बोट खाली लागते, म्हणजे उतार लांब, ओला आणि शेवाळलेला. म्हणून भरतीच्या आसपासची बोट धरा. भरतीची वेळ काढायला ॲप नको, आपलं जुनं गणित आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, साधारण तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, तिथून सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास आणि उधाणाची. कालनिर्णय भिंतीवर असतोच. आधी एकट्याने चालत जाऊन उतार बघा, बोटीवरच्या पोरांना विचारा, ते बघून सांगतात जाईल की नाही, आणि ते नाही म्हणाले तर ऐका.

मुक्कामात

वीज घेताना पंधरा-सोळा अँपिअरचा सॉकेट आणि जाड वायर, अर्थिंग आहे का बघून. चार्जरच्या बारीक एक्स्टेन्शनवर एसी लावला तर वायर वितळते. व्होल्टेज वरखाली होतं, स्टॅबिलायझर असू दे. गॅसला पाच किलोचा छोटा सिलिंडर पुरतो, प्रवासात उभा, बांधलेला आणि बंद. आंघोळीचं पाणी कुठे सोडू हे यजमानांना विचारा, बहुतेक वेळा माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडा म्हणतील, साबण कमी वापरा. पोर्टेबल टॉयलेटची टाकी त्यांच्या परवानगीने संडासच्या टाकीत, खाडीत नाही, ओढ्यात नाही, झाडीत नाही.

रात्री बूट बाहेर ठेवू नका, घालताना झटकून घाला. सड्यावर, कातळाच्या कपारीत फुरसं असतं, हा साप लहानसा दिसतो पण विषारी आहे, आणि लाल विंचू आहेच. याच विंचवावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार शोधला आणि कितीतरी जीव वाचले. काही चावलं तर बांधाबांध-चिरफाड नको, मांत्रिक नको, सरळ सरकारी दवाखाना. तळ टाकला की पहिल्याच दिवशी जवळचा दवाखाना कुठे ते यजमानांना विचारून ठेवा.

परत जाताना

चढताना ब्रेकऐवजी क्लच आणि इंजिनाची काळजी. एसी बंद, टेंपरेचरच्या काट्यावर नजर, अर्ध्या क्लचवर गाडी लटकवून ठेवायची नाही, थांबावं लागलं तर हँडब्रेक ओढून परत उचलायची. सकाळी सहा-सातला पायथ्याशी असाल असं निघा, ट्रक कमी आणि हवा गार. आणि परतीच्या सामानाचं वजन धरा. काजू, कोकम, आगळ, जांभे-चिरे सुद्धा नेणारे बघितलेत बागेसाठी, एकेक चिरा तीस किलोच्या घरात. जे काही न्याल ते ॲक्सलवर, मागच्या डिकीत नाही, आणि हुकवरचा भार परत एकदा मोजून.

घरी पोचलात की दमलो म्हणून तसाच उभा करू नका. गोड्या पाण्याने खालून सगळा धुवा, कपलर, चेन, ब्रेकची केबल, स्प्रिंगा. वाळल्यावर ग्रीस. गाद्या बाहेर काढून उन्हात टाका, नाहीतर आठवड्यात बुरशी येते. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून बघा, घरघर आवाज आला किंवा हलवल्यावर खेळ लागला तर बेअरिंग उघडून घ्या, पुढच्या ट्रिपच्या आदल्या दिवशी नाही, त्याच आठवड्यात.